बाराशेचं साउंड कार्ड, बारा चॅनेल आणि मामाच्या डॅट टेप

आधीच सांगून ठेवतो, नवीन चकचकीत वस्तूचा रिव्ह्यू हवा असेल तर इथूनच परत फिरा. हे आहे एम-ऑडिओचं ऑडिओफाइल २४९६, डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरच्या जुन्या पद्धतीच्या खाचेत, म्हणजे पीसीआय स्लॉटमधे बसणारं साउंड कार्ड, बाजारात येऊन पंचवीसएक वर्षं झाली असतील. मी ते ठाण्यात स्टेशनजवळच्या जुन्या कॉम्प्युटर सामानाच्या दुकानातून बाराशे रुपयांना उचललं आणि चार महिने झाले लिनक्सवर दर शनिवार-रविवार वापरतोय. काम एकच, डिजिटल इनपुटमधून आवाज आत घ्यायचा. त्या कामाला हे कार्ड एक नंबर आहे. पण एक नंबर आहे हे कळायला मला पंधरा दिवस लागले, कारण मी इनपुट सिलेक्ट करायचं बटण शोधत बसलो होतो आणि ते बटण मुळात नाहीचे.

आता हे सगळं कशासाठी ते सांगतो. माझा मामा पाचपाखाडीत राहतो, पूर्वी साउंडचं काम करायचा, म्हणजे लग्नातला डीजे नव्हे, गाण्याच्या बैठका, सोसायट्यांच्या दिवाळी पहाट, हौशी नाटकवाल्यांचं पार्श्वसंगीत असलं सगळं. त्याच्याकडे एक डॅट डेक आहे. डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, १९८७ साली आलेला प्रकार, कॅसेट नेहमीच्या कॅसेटपेक्षा लहान, आत चार मिलिमीटरपेक्षाही बारीक टेप आणि व्हीसीआरसारखं गरगर फिरणारं हेड. सोनीने २००५ साली ही मशीन बनवणंच बंद केलं. मामाकडे एक्केचाळीस टेप आहेत, फरसाणाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, कारण आपल्याकडची पावसाळी हवा म्हणजे बुरशीला आमंत्रणच. डेक अजून चालतोय तोवर सगळं काढून घे म्हणाला, हेड गेलं तर दुरुस्त करणारा माणूस कुठून आणायचा.

सगळ्यात सोपं म्हणजे डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरच्या लाइन इनमधे वायर टाकायची आणि रेकॉर्ड दाबायचं. हे मी बोललो तर मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे टेपवर आकडे आहेत, कॉम्प्युटरला पण आकडेच हवेत, मग मधे अ‍ॅनालॉगची सासू कशाला बसवतोस?" मुद्दा बरोबर आहे. डेकच्या मागे कोअ‍ॅक्सियल डिजिटल आउट आहे, एसपीडिफ म्हणतात ते, साधं आरसीएचं भोक, त्यातून टेपवरचे सॅम्पल, म्हणजे आवाजाचे मोजलेले आकडे, जसेच्या तसे बाहेर येतात. ते जसेच्या तसे आत घेणारं काहीतरी हवं होतं, एवढंच.

कार्डाच्या आधी मी एक नवीन यूएसबी इंटरफेस मागवला होता, कंपनीचं नाव राहू दे. त्याला ऑप्टिकल इनपुट होतं म्हणून कोअ‍ॅक्सियलचं ऑप्टिकल करणारी डबी पण आणली. माइक लिनक्सवर लावताक्षणी चालला, खूष झालो. पण ऑप्टिकलचं भोक अ‍ॅडॅटसाठी (एकाच वायरीतून आठ चॅनेल नेणारा प्रकार) वापरायचं की एसपीडिफसाठी हे ठरवणारी सेटिंग त्यांच्या विंडोजच्या सॉफ्टवेअरात, लिनक्समधून तिला हात लावायची सोयच नाही. डिजिटलचे आठ चॅनेल दिसायचे, आठच्या आठ मुके. चार दिवसांनी परत पाठवला. सगळेच असे असतात असं नाही हां, फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेतल्या बऱ्याच मॉडेलांचं आतलं राउटिंग आता लिनक्समधूनच करता येतं, अल्सा-स्कार्लेट-जीयूआय म्हणून प्रोग्राम आहे, चित्रातल्या तारा माउसने ओढून जोडायच्या, काम झालं. पण डिजिटल इनपुटवालं मॉडेल घ्यायचं म्हणजे खिसा बराच मोकळा करावा लागतो आणि मला एक्केचाळीस टेपांपुरतंच काम होतं.

तर दुकान. फलाटासारखी लांब अरुंद जागा, एका बाजूला मॉनिटरची थप्पी, दुसऱ्या बाजूला रॅम, पंखे, एसएमपीएस, सगळं केकच्या ट्रेमधे मांडलेलं. काकांना म्हटलं पीसीआयचं चांगलं साउंड कार्ड आहे का, ते म्हणाले साउंड कार्ड कोण विचारतं आता, आणि तीन-चार कार्डं काउंटरवर टाकली. त्यातल्या एकावरचं एम-ऑडिओचं नाव आणि मधली आइस एन्व्ही२४ची चिप बघून मी आवाज शक्य तितका थंड ठेवून भाव विचारला. पंधराशे म्हणाले, बाराशेला दिलं. "चालतं का नाही ते मला विचारू नका, नाही चाललं तर आठ दिवसांत घेऊन या." एवढं बोलणारा दुकानदार मिळाला की मी पुढची घासाघीस करत नाही.

आता इथे एक महत्त्वाची गोष्ट, घेणाऱ्यांनी नीट वाचा. या कार्डाच्या मागे चार आरसीए भोकं असतात, दोन अ‍ॅनालॉग इन, दोन अ‍ॅनालॉग आउट. एसपीडिफ आणि मिडी (कीबोर्डसारखी वाद्यं जोडायचं) ही भोकं कार्डावर नाहीतच, शेजारी पिनांचं एक कनेक्टर असतं त्यात एक शेपूट लागतं आणि त्या शेपटाला ती भोकं असतात. शेपूट नसेल तर डिजिटल इनपुट असून नसल्यासारखं. मी काकांना विचारलं याचं शेपूट कुठाय, ते म्हणाले कसलं शेपूट, मग त्यांचा पोऱ्या आणि मी मिळून व्हीजीए केबलींनी भरलेला एक टब वीस मिनिटं उपसला तेव्हा तळाशी सापडलं. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. दुकानाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

घरी तिसऱ्या पिढीच्या आय५चं जुनं डेस्कटॉप आहे, त्यात एक पांढरा पीसीआय स्लॉट आहे म्हणून निभावलं. आताच्या मदरबोर्डांवर हा स्लॉट सहसा मिळत नाही, मग पीसीआय एक्सप्रेसचं पीसीआय करणारं अडॅप्टर लावावं लागतं आणि ते लावलं की कार्ड कॅबिनेटमधे उंचीला बसत नाही ही वेगळी बोंब. तेव्हा घरात जुना डबा असेल तरच या वाटेला जा. ड्रायव्हर मात्र काहीही टाकावा लागला नाही, एसएनडी-आइस१७१२ हा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमधेच वर्षानुवर्षं आहे, मशीन चालू केलं, अल्साच्या, म्हणजे लिनक्सच्या आवाजाच्या मूळ यंत्रणेच्या यादीत एम ऑडिओ ऑडिओफाइल २४/९६ असं नाव हजर.

मग मामाकडून डेक आणला, म्हणजे पाचपाखाडीहून मानपाड्याला, रिक्षात मांडीवर घेऊन, घोडबंदर रोडचे खड्डे मोजत, लहान बाळ आणावं तसा. जोडला. टेप लावली. डेकच्या मीटरवर काड्या नाचतायत. ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला, कार्ड निवडलं, रेकॉर्ड दाबलं, आणि स्क्रीनवर सरळ आडवी रेघ. गपगार.

इथून पुढचे पंधरा दिवस माझे वाया गेले ते तुमचे जाऊ नयेत.

या कार्डाचं कंट्रोल पॅनेल म्हणजे एन्व्ही२४कंट्रोल नावाचा छोटा प्रोग्राम, डेबियन-उबुंटूवर अल्सा-टूल्स-जीयूआय या पॅकेजमधे मिळतो. दिसायला अगदी जुनाट. त्यात पॅचबे/राउटर असा एक टॅब आहे आणि तिथे एसपीडिफ इन असं चक्क लिहिलेलं पण आहे. कुठल्याही माणसाला वाटणार, हेच ते, इथे एसपीडिफ इनवर टिंब दिलं की रेकॉर्डिंग तिथून होणार. मी दिलं. रेकॉर्डिंग मुकंच. उलट स्पीकरमधून टेप मस्त ऐकू यायला लागली आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा आवाज बंद पडला, मला वाटलं कार्ड उडालं, काकांकडे जायची तयारी केली होती.

घोळ असा की तो पॅचबे इनपुटचा नाहीये, आउटपुटचा आहे. कार्डाच्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक भोकात काय सोडायचं ते तिथे ठरतं, कॉम्प्युटरमधून वाजणारं, का आतल्या डिजिटल मिक्सरमधलं, का एखादं इनपुट सरळ. मी काय केलं होतं, तर टेपचा आवाज थेट स्पीकरला जोडला होता आणि कॉम्प्युटरला बाजूला केलं होतं. रेकॉर्डिंगशी त्याचा काही संबंध नव्हता.

मग रेकॉर्डिंगचं इनपुट कुठे निवडायचं? कुठेच नाही. एन्व्ही२४ चिप रेकॉर्डिंगला नेहमी बाराच्या बारा चॅनेल एकदम देते, कमी नाही जास्त नाही, आणि कुठल्या चॅनेलवर काय हे चिपमधेच पक्कं ठरलेलं आहे. पहिले आठ अ‍ॅनालॉगचे, त्यातले या कार्डावर फक्त पहिले दोन जिवंत, बाकी सहा नुसते नावाला, कारण हीच चिप आठ इनपुटांच्या मोठ्या कार्डांतही असायची. नववा आणि दहावा एसपीडिफचा डावा-उजवा. अकरावा-बारावा म्हणजे आतल्या मिक्सरमधून सगळं एकत्र होऊन येणारं मिश्रण. सगळे नळ सतत चालू आहेत, आपण फक्त कुठल्या नळाखाली बादली धरायची ते ठरवायचं. ऑडॅसिटीला मी दोन चॅनेल रेकॉर्ड कर म्हणत होतो, ते बिचारं पहिल्या दोन नळांखाली बादली धरत होतं, जिथे मी काही जोडलेलंच नव्हतं, आणि एसपीडिफ बाजूला नवव्या-दहाव्यावर इमानेइतबारे वाहत होता.

हे कळल्यावर मला त्या कार्डाबद्दल एकदम आदर वाटायला लागला. नवीन इंटरफेसमधे जे लपवलेलं असतं ते इथे सगळं उघडं आहे, माहीत नसेल तर त्रास, माहीत झालं की त्याच्यासारखं सुख नाही.

बादली कशी धरायची, तर आजकाल बहुतेक डिस्ट्रोंवर (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर) पाइपवायर असतो, कुठल्या प्रोग्रामचा आवाज कुठे जायचा ते बघणारा, त्याच्या सेटिंगसाठी पावुकंट्रोल उघडायचं, कॉन्फिगरेशनच्या टॅबमधे या कार्डाची प्रोफाइल प्रो ऑडिओ करायची. स्टिरिओ वगैरे काही निवडू नका, मग पाइपवायर आपली अक्कल लावतो. प्रो ऑडिओ केलं की क्यूपीडब्ल्यूग्राफ या तारा जोडायच्या प्रोग्राममधे कार्डाच्या चौकोनावर बारा टिंबं दिसतात, ऑक्स० पासून ऑक्स११ पर्यंत. इथे परत एक खड्डा, हे शून्यापासून मोजतात, त्यामुळे एसपीडिफ म्हणजे ऑक्स८ आणि ऑक्स९. मी ऑक्स९ आणि ऑक्स१० जोडून ठेवले होते एक दिवस, डाव्या कानात उजवा चॅनेल आणि उजव्या कानात मिक्सरचं काहीतरी अर्धवट, मामा म्हणाला तानपुरा असा एका अंगावर का रेललाय. तर ऑक्स८ आणि ऑक्स९ मधून दोन तारा ओढायच्या आणि आर्डरच्या ट्रॅकमधे सोडायच्या. आर्डर म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ऑर्डर नव्हे. ज्यांना हे चौकोन-तारा नकोत त्यांच्यासाठी अल्साने या चिपची फाइल आधीच लिहून ठेवलीय, टर्मिनलमधून रेकॉर्ड करणाऱ्या अरेकॉर्ड कमांडला आयईसी९५८ हे डिव्हाइस आणि कार्डाचं नाव एम२४९६ दिलं की ते आपण होऊन नववा-दहावा उचलतं. आयईसी९५८ म्हणजे एसपीडिफचंच कागदावरचं नाव, अल्सामधे सगळीकडे तेच दिसतं, घाबरू नका.

आवाज आला. पण दर काही सेकंदांनी टिक. टिक. शांत आलापीत तर जास्तच, जणू बैठकीत कोणीतरी नखं कापतंय.

हे प्रकरण क्लॉकचं. डेक सेकंदाला ४८००० सॅम्पल पाठवतो, कार्ड पण ४८०००नेच घेतंय, मग भांडण कशाचं? भांडण असं की ठेका देणारी दोघांची क्रिस्टलं वेगळी, एकाचं ४८००० आणि दुसऱ्याचं ४८००० हे तंतोतंत सारखं नसतं, लाखात दोन-तीनचा फरक असला तरी सेकंदाला एखादं सॅम्पल कमी किंवा जास्त पडतं आणि तिथे टिक वाजते. अ‍ॅनालॉगमधे हा प्रश्न येत नाही, डिजिटलमधे एकाने दुसऱ्याच्या ठेक्यावर चालावंच लागतं. तबलजी आणि पेटीवाला दोघांनीही आपापली लय धरली तर काय होईल तेच. म्हणून एन्व्ही२४कंट्रोलच्या हार्डवेअर सेटिंग्जमधे मास्टर क्लॉक इंटर्नलवरून काढून एसपीडिफ इनवर ठेवायचा, म्हणजे कार्ड डेकची लय धरतं. एका क्लिकमधे टिकटिक बंद. कायमची.

पण याची एक दुसरी बाजू आहे. क्लॉक बाहेरून घेतला की कार्डाला लय कळते, आकडा कळत नाही. डेक ४८००० पाठवतोय का ४४१०० का ३२००० याची सॉफ्टवेअरला खबर नसते, ते तुम्ही सांगाल तो आकडा फाइलवर छापून मोकळं. डॅटवर तिन्ही असू शकतात, लाँग प्लेला ३२०००, सीडीसाठी केलेलं ४४१००, बाकी साधारण ४८०००. सतरा नंबरची टेप, १९९९ची एक बैठक, मी रेकॉर्डवर लावून जेवायला बसलो, नंतर मामाला ऐकवायला लावली. पहिला तासभर मामा डोळे मिटून. मग एकदम डोळे उघडले. "हे काय, हा काळी एकमधे गात होता, पांढरी दोनच्या पण वर गेला कसा? आणि एवढी घाई कसली झाली त्याला?" बघितलं तर टेप मधेच थांबवून पुढचा भाग ४४१००ला रेकॉर्ड केलेला होता, डेकने गुपचूप गियर बदलला, कार्डाने पण त्याच्या मागोमाग बदलला आणि फाइलवर पाटी मात्र ४८०००ची. त्यामुळे सगळं जवळजवळ नऊ टक्के जोरात, स्वर दीड पट्टी वर. सूर लावून बसलेल्या माणसाला हे पहिल्या षड्जाला कळतं, मला दहा मिनिटं ऐकून कळलं नसतं.

मी म्हटलं गेलं, परत करावं लागणार. पण नाही! सॅम्पल सगळे बरोबरच आलेले होते, नुसती पाटी चुकीची होती. ऑडॅसिटीत तो तुकडा कापला, ट्रॅकच्या मेनूतून रेट ४४१०० केला, प्रोजेक्टचा रेट पण ४४१०० ठेवला म्हणजे एक्सपोर्टच्या वेळी ते परत शहाणपणा करून बदलत नाही, गवई आपल्या काळी एकवर येऊन बसला. तेव्हापासून टेप लावायच्या आधी डेकच्या काचेवर आकडा बघायचा आणि टेपच्या दर अर्ध्या तासाला परत बघायचा, वही ठेवलीय त्यासाठी.

पाइपवायरबद्दल आणखी एक तक्रार-कम-सूचना. तो मुळातून ४८०००वर चालतो, ४४१००ची टेप असेल तर पीडब्ल्यू-मेटाडेटा या कमांडने क्लॉक.फोर्स-रेट ४४१०० करावं लागतं. आणि मशीनमधे दुसरं साउंड कार्ड चालू असेल, मदरबोर्डवरचं किंवा एचडीएमआयचं, तर पाइपवायर कधी कधी त्यालाच लीडर करतो आणि आपल्या कार्डाला त्याच्या चालीवर आणण्यासाठी आवाज रिसॅम्पल करतो, म्हणजे सॅम्पल नव्याने मोजून बदलतो. ऐकायला काही कळत नाही, पण मग आकडे जसेच्या तसे राहिले कुठे, सासू मागच्या दाराने परत आलीच की. मी पावुकंट्रोलमधे बाकी सगळ्या कार्डांची प्रोफाइल ऑफ करून टाकली. त्याचा परिणाम असा की एका सोमवारी बायकोने कॉम्प्युटर लावला, मास्टर क्लॉक एसपीडिफवरच राहिलेला, डेक बंद, म्हणजे कार्डाला लय द्यायला कोणी नाही, व्हिडिओ लावला की चित्रच अडकायचं. तिने मला ऑफिसात फोन करून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. आता काम झालं की क्लॉक इंटर्नलवर करूनच उठतो.

वायरीबद्दल. सुरुवातीला मी साधी लाल-पांढरी ऑडिओची आरसीए वायर लावली होती, तीन मीटरची, अधूनमधून सिग्नल तुटायचा. एसपीडिफला ७५ ओहमची वायर लागते. महागडी डिजिटल केबल शोधायला जाऊ नका, जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ वायर असते ना, ती ७५ ओहमचीच असते, घरात एखाद्या ड्रॉवरमधे नक्की पडलेली असणार. ती लावली आणि तुटणं थांबलं.

खरंच जसंच्या तसं येतंय का, हे मला मामाला दाखवायचं होतं, नाहीतर त्याने आयुष्यभर ऐकवलं असतं. एका टेपचा तोच पाच मिनिटांचा तुकडा दोनदा रेकॉर्ड केला, दोन्ही आर्डरमधे एकाखाली एक ठेवले, पार सॅम्पलच्या पातळीपर्यंत झूम करून तबल्याच्या एका थापेवर जुळवले, एकाची फेज उलटी केली, म्हणजे लाटेचं वर ते खाली आणि खाली ते वर, आणि दोन्ही एकदम वाजवले. दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतील. मीटर हललाच नाही. आवाज पूर्ण वाढवला तरी शून्य, खरखर पण नाही. मामा स्पीकरला कान लावून बसला होता, म्हणाला, "म्हणजे आता काहीच वाजत नाहीये याचा आनंद मानायचा?" हो, अगदी तोच मानायचा.

रेकॉर्ड करताना ऐकायचं असेल तर पॅचबेमधे आउट १-२ला डिजिटल मिक्सर द्या आणि मॉनिटर इनपुट्सच्या टॅबमधे एसपीडिफचे फेडर वर करा, म्हणजे टेपपण ऐकू येते आणि कॉम्प्युटरपण. ते फेडर वर-खाली केल्याने नवव्या-दहाव्या चॅनेलवरच्या रेकॉर्डिंगला काही होत नाही, ते मिक्सरच्या आधीच उचललेलं असतं, बिनधास्त हलवा. अकरा-बारावर रेकॉर्ड करत असाल तर मात्र हलवाल ते सगळं आत जाईल.

जागा किती लागते म्हणून विचारतील कोणी, ४८०००, १६-बिट, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण ६९० एमबी. आर्डर आपणहून ३२-बिट फ्लोटमधे घेतो, त्याला दुप्पट, काही गरज नाही, डॅटवर सहसा १६ बिटांपेक्षा जास्त नसतातच, १६ वर ठेवा. आणि ते लो-लेटन्सी (आवाजाला उशीर कमी करणं), रिअलटाइम कर्नल वगैरेच्या मागे लागू नका, रिअलटाइमचा पॅच २०२४ साली ६.१२ कर्नलमधे आला हे छानच झालं पण टेप उतरवायला बफर १०२४ ठेवला काय आणि २०४८ ठेवला काय, टेपला कुठे घाई आहे.

हे कार्ड कोणी घेऊ नये तेही सांगतो. पॉडकास्ट करायचाय, गाणं रेकॉर्ड करायचंय, माइक लावायचाय, तर हे तुमच्या कामाचं नाही, याला माइक प्रीअ‍ॅम्प नाही, माइकला वीज देणारी फँटम पॉवर नाही, आवाज वाढवायचं गोल बटणसुद्धा नाही. लॅपटॉपवाल्यांचा प्रश्नच येत नाही. ऑप्टिकल इनपुट पण नाही, मिनीडिस्कचे बरेच डेक ऑप्टिकलवाले असतात, त्यांना मधे डबी लागेल. पण कोअ‍ॅक्सियल डिजिटल आउट असलेलं काहीही जुनं घरात असेल, डॅट असो, सीडी प्लेअर असो, आणि मशीन लिनक्सवर असेल, तर बाराशेत याहून सरळ काम करणारी वस्तू मला तरी मिळाली नाही. पाचातला एक तारा कापतो तो पीसीआय स्लॉटसाठी.

सव्वीस टेप झाल्या. चौदा बाकी आहेत आणि एकीवर पांढरी बुरशी दिसतेय, ती मामा डेकमधे घालू देत नाही, हेडला लागली तर सगळंच बसेल म्हणतो, आणि डब्यातून फेकूही देत नाही. परवा त्या दुकानावरून जात होतो तर काकांनी हाक मारली, तसलंच अजून एक कार्ड आलंय म्हणाले, हजाराला देतो. टबमधे परत हात घालून बघितला, शेपूट काही सापडलं नाही.